नागूआक्काच्या डोणीतलं कमळ

जाऊ जावेचं कौतुक करीत नसती. आमी बी त्यातल्याच. नागूआक्का माझी थोरली जाऊ, मी धाकटी दैवशाला. एका अंगणात दोन चुली, आन् झाडलोटीवरनं, पाण्यावरनं, कोंबड्यांवरनं आमची कितीदा जुंपली त्याला गणती न्हाय. तरी आज मी तिचंच सांगणार हाय. कारण म्या जे ह्या डोळ्यांनी बघितलं, ते बघून कुणाचं बी तोंड बंद झालं असतं. आन् माझं तोंड बंद होणं म्हणजे काय, ते आमच्या वस्तीत कुणाला बी विचारा.

वस्ती उमरग्याच्या पलीकडं, हैद्राबादचा हमरस्ता सोडून आत. आमी धनगर. आता मेंढरं थोड्याच घरी उरलीत. कुणाची पोरं उमरग्यात दवाखान्यात कामाला जातात, कुणाची ट्रकवर हायेत. आक्काचा मल्हार बी ट्रकच चालवतो. पण त्याचे वडील, आमचे थोरले बिराप्पा, त्यांनी कळप सोडला न्हाय. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं आन् पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं, हे त्यांचं ठरलेलं. निघायच्या दिवशी आमच्या घरात एक रीत हाय. वस्तीच्या तळ्यातलं पांढरं कमळ थोरल्या सुनेनं बिरोबाच्या दगडावर ठेवायचं. फूल ठेवल्याबिगर मेंढरांनी वेस ओलांडायची न्हाय. सासूबाईंनंतर हे काम आक्काकडं आलं.

कमळ आमी म्हणतो. उमरग्यात रोपं विकणारा ईरण्णा म्हणतो, हे कमळ न्हाय, लिली हाय. असंल बापडी. तिचं पान ताटाएवढं, पाण्यावर पसरलेलं आन् एका बाजूनं देठापतुर चिरलेलं. फूल दिवसा झोपतं. दिवस मावळायला लागला की उघडतं, ते दुसऱ्या दिवशी ऊन तापंपतुर तसंच ऱ्हातं. मी नवी नवरी होते तवा आक्कानं मला सांजच्याला तळ्यावर नेलं होतं. सगळं तळं पांढरं! मी आपली पदर तोंडाला लावून उभी. आक्का म्हणली, "बघून घे दैवशाले, आपल्या घरात सोनंनाणं न्हाय, हे हाय."

मग पावसानं लागोपाठ दगा दिला. तळं आटलं, तळाला हात जाईल एवढाल्या भेगा पडल्या. सरकारनं गाळ काढायचं ठरवलं. जेसीबी आला, ट्रॅक्टर आले, आन् ज्याला त्याला गाळ रानात टाकून घ्यायची घाई. चांगलंच होतं ते, रान सुधारलं. आमच्या बी रानात ट्रॉल्या पडल्या. पण तो गाळ पसरायचा सोडून आमची आक्का ढेकळं फोडत हिंडाय लागली. उन्हाचा तडाखा, डोक्यावर पदर, आन् ही एकेक ढेकूळ हातात घेऊन फोडती, बघती, टाकती. बायका हसायच्या. म्या बी म्हणलं, "आक्का, हंडा पुरलाय का काय सासऱ्यानं?"

एक दिवस ती ओंजळीत काहीतरी घेऊन आली. लिंबाएवढं, काळं, वाळकं, अंगावर केसासारखी मुळं. मला दाखवलं.

"हे काय?"

"तळ्यातल्या कमळाचा कांदा. बाकी सगळे पोचट निघाले. हे जित्तं हाय."

"कशावरनं?"

"जड लागतंय," म्हणली, आन् माझ्या तळहातावर ठेवलं. मला तर दगड आन् ते सारखंच वाटलं.

गोठ्याच्या भिंतीला आमची दगडी डोणी हाय, मेंढरांना पाणी पाजायची. तिच्या एका तोंडाला आक्कानं काळी माती भरली, त्यात ते काळं गाठोडं दाबलं आन् वर पाणी ओतलं. अवो, पाणी! टँकर आला की आमी हंडे घेऊन एकमेकीच्या झिंज्या धरायच्या बाकी ऱ्हायच्या, आन् ही डोणीत पाणी ओतती! मी भडकलेच. वाटंल ते बोलले. नंतर कळलं, ती स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची आन् आंघोळीच्या वाटणीचं पाणी डोणीत घालायची. मग मी गप बसले, म्हणजे मोठ्यानं बोलायची बंद झाले.

आन् एक दिवस बघते तर पाण्यात लाल कोंब! सुतासारखा. त्याच्या टोकाला दुमडलेलं इवलंसं पान. वर्षभर वाळून खडंग झालेलं, जेसीबीच्या दातातनं, ट्रॉलीतनं, टायराखालनं आलेलं ते काळं गाठोडं, आन् त्यानं पान काढलं! म्या त्या डोणीला हात जोडले. काय करणार? दुसरं काय सुचलंच न्हाय.

पुढं पाऊस झाला, तळं भरलं, पण तळ्यात एक बी पान आलं न्हाय. गाळाबरोबर सगळं निघून गेलं होतं. आक्का रोज सकाळी बांधावर जाऊन बघून यायची. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग तिनं जायचं सोडलं. म्हणली, "आता तळं माझ्या डोणीतच हाय." ईरण्णाकडं गुलाबी, निळ्या, कसल्या कसल्या लिल्या असतात. तो म्हणायचा, पांढरी बी हैद्राबादहून मागवून देतो. आक्का म्हणायची, "ती आमच्या तळ्याची न्हाय." तिच्या मनानं ही जात जगात एकच उरली होती, आन् ती हिच्या हाती होती. डोणी गेली की सगळं गेलं. ही धास्ती तिला दिवसभर असायची; डोणीजवळ कोंबडं गेलं तरी ती ओरडायची.

काही वर्षं लई चांगली गेली. श्रावणापासून फुलं यायची, दिवाळीला बिरोबाला फूल चढायचं, कळप निघायचा. मग हळूहळू बिघडलं. पानं बारीक यायला लागली, पण इतकी, इतकी, की पाणी दिसंना. एकीवर एक चढलेली. पाण्यावर जागा न्हाय म्हणून देठं उभी ऱ्हायलेली, जत्रेत टाचा वर करून माणसं उभी ऱ्हातात तशी. आन् फूल न्हाय. एका दिवाळीला एकच आलं, ते बी बटणाएवढं. पुढच्या दिवाळीला एक बी न्हाय. थोरल्यांनी बिरोबाला झेंडू वाहिला आन् मेंढरं हाकली. आक्का त्या दिवशी जेवली न्हाय.

आता आमी पडलो धनगर. रान पिकंना, लेंडी घाला. वेल वाढंना, लेंडी घाला. शेतकरी आमचा कळप रानात बसवायला हातापाया पडतात ते लेंडीसाठीच. त्यामुळं आमच्या डोक्यात दुसरं येतच न्हाय. आक्काला वाटलं, कमळ उपाशी हाय. ती ओंजळी भरभरून लेंड्या डोणीत टाकाय लागली. लेंडी पाण्यावर तरंगायची, फुगायची, मग बुडायची. पाणी हिरवंगार झालं, वास सुटला, आन् पानांना तर ऊत आला. फुलाचं नाव न्हाय. आक्का आणखी लेंडी टाकायची. खालची देठं पिवळी पडून कुजायला लागली, मुळं डोणीच्या काठावर चढून बाहेर लोंबाय लागली. मला काय कळत होतं? म्या बी माझ्या शेळ्यांच्या लेंड्या नेऊन दिल्या, जावेला मदत म्हणून.

शेवटी मीच म्हणलं, चला उमरग्याला, ईरण्णाला विचारू. आक्का कुणाला विचारायला तयार नव्हती. म्या रिक्षात बसवली तिला. पिशवीत दोन पानं, थोडी मुळं घेतली. ईरण्णानं पिशवीत बघितलं, नाक मुरडलं आन् विचारलं, "लेंडी घातली का अव्वा?"

"घातली की. भरपूर."

"भरपूरच दिसतंय," तो हसला. "अव्वा, ती उपाशी न्हाय, तिला दाटी झालीय. एका भांड्यात एक झाड पायजे, तुमच्यात गाव वसलंय. सगळं बाहेर काढा. धुवा. मध्ये एक जुना कांदा असंल, काळा, पोखरलेला, त्याला टाकून द्या. कडेला त्याची पोरं असतात, ती अलग करा आन् एकेका भांड्यात एकेक लावा. नुसती काळी माती, वर मुरमाचा थर, म्हणजे माती उठत न्हाय. पाणी आधी थोडं, मग वाढवत न्यायचं. आत्ता चैत्र हाय, हेच दिवस बरे."

"मधल्याला टाकून द्यायचं?"

"त्याचं झालं अव्वा. त्यानं जेवढं द्यायचं तेवढं दिलं."

आक्का उठलीच. वस्ती आली तशी म्हणली, "गाळातनं ज्याला म्या हातानं उचललं, ते हेच. तो म्हणतो टाकून दे. आन् कापताना सगळंच कुजलं तर? मग काय दाखवू बिरोबाला?"

मला राग बी आला आन् कीव बी आली. अवो, ही बाई कळपात उभी ऱ्हाते तवा तिच्याकडं बघावं! मेंढीचा जबडा उघडायचा, दात बघायचे, आन् म्हणायचं, "ही म्हातारी झाली, ही काढा, कोकरं ठेवा." कधी डोळ्यात पाणी न्हाय, कधी घोळ न्हाय. थोरले बी तिच्या शब्दाबाहेर जात न्हायत. आन् तीच बाई एका कांद्यासमोर चळचळ कापत होती. म्या तसं तोंडावर म्हणलं. ती म्हणली, "मेंढरं लई हायेत गं. हे एकच हाय."

पण डोणीतला वास रोज वाढत होता. एक दिवस सकाळीच ती माझ्या दारात आली. हातात लोकर कातरायची मोठी कातर.

"चल," म्हणली. "न्हाय तर तसं बी मरंल."

थोरले मेंढरं घेऊन लांब होते. शेजारची लक्ष्मीबाई आन् मी, आमी दोघींनी डोणीत हात घातले. निघंना! खांद्यापतुर हात चिखलात, वास असला की तोंड फिरवून श्वास घ्यावा. शेवटी पहार घालून उचकटलं आन् तिघींनी ओढून अंगणात आणलं. काय सांगू! डोणी जेवढी लांब होती तेवढं ते लांब होतं. डोणीचाच आकार घेतलेला, कोपऱ्यासकट. सगळी मुळंच मुळं, पांढरी, काळी, एकात एक गुंतलेली. मातीचा कण बी उरला नव्हता, सगळी खाऊन टाकली होती. लिंबाएवढं होतं वो ते! माझ्या ह्या तळहातावर होतं! बायका गोळा झाल्या. लक्ष्मीबाई एवढंच म्हणली, "अगं बाई गं."

आमी घागरीनं पाणी ओतत गेलो आन् आक्का बोटांनी मुळं विंचरत गेली. मधोमध तो जुना कांदा निघाला, काळाठिक्कर, मुठीएवढा. आन् त्याच्या सगळ्या अंगानं पोरं. ही एक, ती एक, ह्या बगलेत एक, पोटाखाली एक. प्रत्येकीला आपापला कोंब, आपापली पानं. आक्का बघतच ऱ्हायली. मग डोळे पुसून म्हणली, "एवढ्या जणी होत्या व्हय गं आत? आन् मी म्हणत होते, एकच हाय."

पहिला काप दिला तवा तिनं डोळे मिटले होते, मीच ओरडले, "आक्का, बोट कापंल, बघा तरी!" एकेक मोकळी झाली. पाटीत ओलं फडकं घालून त्यावर मांडल्या. मग प्रश्न पडला, एवढ्या लावायच्या कुठं? डोणीत जागा एकीची. जमलेल्या बायका म्हणाय लागल्या, मला दे, मला दे.

आक्का उठून घरातनं हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. प्रत्येक रोपाला हळदकुंकू लावलं आन् प्रत्येकीच्या पदरात एकेक घातलं. "लेक देतेय," म्हणली. "दिलेली लेक मी परत मागणार न्हाय, तुमी बी परत आणून टाकायची न्हाय. कशी बी वाढवा, पण मारू नका." आन् बायकांनी बी तसंच पदर सावरून, कपाळाला लावून घेतल्या. हसलं कुणी न्हाय. मला बी एक मिळाली. माझ्या हातात ती गार, ओली आन् जड लागली.

सगळ्या गेल्या तवा पाटीत तो जुना कांदा उरला. आक्कानं डोणी घासून काढली, नवी माती भरली आन् तोच लावला.

म्या म्हणलं, "आक्का, ईरण्णा काय म्हणला होता? एक पोर तरी ठेवायची."

"लेकी सासरी जातात. आईला कुणी घराबाहेर काढतं व्हय?"

म्या घागर उचलली आन् डोणीत पाणी ओतलं.

वैशाखात डोणीवर पोतं आलं. विचारलं तर म्हणली, ऊन लई हाय, सावली केली. मला वाटलं असंल. पण ती डोणीकडं फिरकंना, आन् ज्या घरात रोपं दिली त्या घरांवरनं जायचं बी तिनं सोडलं. आडाकडं जायला लांबचा वळसा घालायची. एक दिवस ती रानात गेली तवा म्या पोतं उचललं. वास आला. हात घातला तर कांदा बोटात चिरडला, नासका बटाटा चिरडावा तसा. पान न्हाय, कोंब न्हाय, काही न्हाय.

ती आली तवा म्या लपवलं न्हाय. सरळ विचारलं, "कवा गेलं?"

"आठवडा झाला असंल."

"मग बोलायचं न्हाय का? माझी घ्या की! माझी चांगली हाय, घमेल्यात पानं काढलीत."

"दिलेली लेक परत घ्यायची असती व्हय दैवशाले? सगळ्यांसमोर बोललेय मी. देवाच्या हळदकुंकवावर बोललेय."

"मग बघायला तरी चला, बाकीच्या कशा हायेत."

तशी ती रडाय लागली. आमच्या इतक्या वर्षांत म्या तिला असं रडताना बघितलं नव्हतं. "न्हाय बघायचं मला. सगळ्या गेल्या असतील तर? तळ्यातलं जेसीबीनं नेलं, डोणीतलं म्या माझ्या हातानं मारलं. दिवाळीला मालक विचारतील, फूल कुठाय. काय सांगू?"

म्या तिच्या पाठीवर हात ठेवला, तो बी अवघडून. आमच्यात तशी सवय नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी म्या कंबर कसली. घर न् घर पालथं घातलं. एकीच्या टबातलं म्हशीनं तोंड घालून साफ केलं होतं. एकीनं रोप तुळशीच्या कुंडीत लावलं होतं, का तर देवाचं हाय. ते वाळून गेलं, म्या तिची चांगली खरडपट्टी काढली. तिसरीनं बाथरूमच्या मागं डबा ठेवला आन् विसरून गेली, तर त्यात पानं तरारलेली! कुणी निळा ड्रम कापून लावलं होतं, कुणी रंगाच्या डब्यात, कुणी फुटक्या टाकीत. बहुतेक सगळी जगली होती. मला इतका आनंद झाला की मी त्या बाथरूममागच्या डब्याचा मुका घेतला. पण आक्काला सांगितलं न्हाय. सांगून ती आली नसती. दिलेली लेक बघायला बी आई बोलावल्याबिगर जात न्हाय, असली ती.

आन् तिथंच मला सुचलं. लेक परत आणता येत न्हाय, पण पंचमीला माहेरी तर येती!

आमच्याकडं नागपंचमी म्हणजे लेकीबाळींची. बांगड्या भरायच्या, झाडाला झोके बांधायचे, दिवसभर गाणी. आक्काला मल्हारशिवाय पोर न्हाय. तिच्या दारी पंचमीला कधी लेक आली न्हाय. म्हणून ती त्या दिवशी काहीतरी काम काढून रानात जायची, आन् अंधार पडायच्या बेतानं परतायची. ह्या वर्षी बी गेली. थोरले पावसाळ्यासाठी घरी आलेले होते. त्यांना म्या सगळं सांगितलं. ते उठले आन् अंगण शेणानं सारवायला स्वतः पाणी आणून दिलं.

दुपार कलली तशा बायका यायला लागल्या. ड्रम लई जड, तो हातगाड्यावर आला. बाकी डोक्यावर. चुंबळ, त्यावर टब, त्यात पाणी डुचमळतंय, बाई भिजलीय आन् हसतीय. प्रत्येकीनं टबाला हिरव्या बांगड्या अडकवल्या होत्या. हे मी सांगितलं नव्हतं बरं का! कुणाला सुचलं काय माहीत. माझं घमेलं बी आणलं. सगळं अंगण भरलं, आन् कळ्या उभ्या, मिटलेल्या, जाड, हिरव्या पांघरुणात.

आक्का गवताचा भारा घेऊन आली तवा दिवस डोंगराला टेकला होता. दारात आली आन् थांबली. भारा डोक्यावरच. म्या म्हणलं, "आक्का, पंचमी हाय. लेकी माहेरी आल्यात तुमच्या."

भारा खाली पडला. उतरवला न्हाय, पडला.

आन् त्याच वेळी बाथरूममागच्या त्या डब्यातली कळी हलली. खोटं सांगत न्हाय. बाहेरची हिरवी पाकळी सुटली, मग दुसरी, आन् आतनं पांढरं दिसलं. मग ड्रममधली. मग माझ्या घमेल्यातली. कुठं बघावं कळंना. अंधार होत चालला होता आन् अंगण पांढरं होत चाललं होतं. वास सुटला, पाण्याचा आन् फुलाचा. थोरल्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. ते देवासमोरच काढतात.

मला सासूबाई आठवल्या, ते सगळं पांढरं तळं आठवलं, आन् रडू फुटलं. लाज कसली? सगळ्याच रडत होत्या.

आक्का एकेका टबासमोर बसत गेली. प्रत्येक फुलाच्या खाली हात धरायची, लावायची न्हाय. मग पाण्यात बोट घालायची आन् बडबडायची, "पाणी कमी हाय गं हिच्यात... मुरूम घातला न्हाईस व्हय... चांगली ठेवलीस बाई, चांगली." असं करत करत ती लक्ष्मीबाईच्या बादलीपाशी आली. त्या बादलीत फूल नव्हतं. पानंच पानं, एकीवर एक.

लक्ष्मीबाई मागं मागं सरकाय लागली.

"लेंडी घातलीस व्हय?"

"तुमीच घालत होता की आक्का! म्या म्हणलं, माहेरची सवय असंल."

हशा पिकला. आक्का बी हसली. मग म्हणली, "दैवशाले, कातर आण."

म्या आणली. मला वाटलं आता परत डोळे मिटंल. तर तिनं बादली अंगणात पालथी केली, गड्डा धुतला, उलटासुलटा केला, आन् कचाकचा दोन काप दिले. एकदा बी थांबली न्हाय. जुना तुकडा उचलला, क्षणभर हातात तोलला आन् उकिरड्यावर फेकला. एक पोर लक्ष्मीबाईच्या बादलीत परत लावली. एक तिच्या हातात उरली. इवली, दोन पानांची.

सगळ्या बघत होत्या. लक्ष्मीबाई हळूच म्हणली, "ती तुमी ठेवा आक्का."

म्या मनात म्हणलं, संपलं. आता म्हणंल, दिलेली लेक परत घेत न्हाय. पण आक्का उठली, डोणीपाशी गेली, वरचं पोतं ओढून टाकलं आन् ते रोप मातीत दाबत म्हणली, "ही लेक कुठाय? ही माझ्या लेकीची लेक. नातीला आजोळी ऱ्हायाला कोण नको म्हणतंय?"

मग चिखलाच्या हातानंच लक्ष्मीबाईच्या कपाळाला कुंकू लावलं आन् मला म्हणली, "उभी काय ऱ्हायलीस? पाणी आण."